अवयव मिळाला, जीव वाचला. पण नोकरीचं काय? प्रत्यारोपणानंतर कामावर परतणं इतकं अवघड का जातं?

रस्त्यावरची वाहतूक थांबवलेली, पोलिसांच्या गाडीमागे सुसाट निघालेली ॲम्ब्युलन्स आणि आत एका पेटीत हृदय किंवा लिव्हर. ग्रीन कॉरिडॉरचे असे व्हिडिओ अधूनमधून सगळ्यांच्याच फीडमध्ये येतात. त्याखाली हजारो लाइक्स असतात, हात जोडलेले इमोजी असतात. शस्त्रक्रिया यशस्वी झाली की बातमी संपते.

ज्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, त्याच्यापुढे मात्र खरा प्रश्न दोन-तीन महिन्यांनी उभा राहतो. डॉक्टर सांगतात, "आता कामावर जायला हरकत नाही." आणि तेव्हा लक्षात येतं की, रजा कधीच संपली आहे, जागेवर दुसरा माणूस आला आहे किंवा ऑफिसात "याला आता झेपेल का?" अशी कुजबुज सुरू झाली आहे.

भारतात २०१३ साली वर्षाला ५,००० पेक्षाही कमी अवयव प्रत्यारोपणं होत होती. २०२४ मध्ये हा आकडा १८,९०० च्या पुढे गेला. म्हणजे नव्या अवयवासह जगणाऱ्या लोकांची संख्या दरवर्षी हजारोंनी वाढते आहे. यातले बरेच जण कमावत्या वयातले असतात. त्यांना वाचवणारी यंत्रणा उभी राहिली, पण त्यांना पुन्हा कामावर उभं करणारी यंत्रणा आहे का?

हा प्रश्न फक्त पगाराचा नाही. नोकरी गेली तर मिळालेला अवयवही जाऊ शकतो. कसं, ते समजून घेऊ.

कामावर परतायला किती दिवस लागतात?

किडनी प्रत्यारोपणानंतर सगळं सुरळीत असेल, तर बसून करायच्या कामावर साधारण दोन ते तीन महिन्यांत परतता येतं. लिव्हर आणि हृदयाच्या बाबतीत हा काळ साधारण तीन ते सहा महिन्यांचा असतो. फुप्फुसाला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. अंगमेहनतीचं काम असेल तर हे सगळे आकडे वाढतात.

नवी किडनी जुन्या किडनीच्या जागी बसवली जाते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती ओटीपोटात एका बाजूला बसवतात आणि जुन्या किडन्या बहुतेक वेळा तशाच ठेवतात. त्यामुळे पोटाची जखम पूर्ण भरेपर्यंत जड वजन उचललं तर हर्निया होण्याचा धोका असतो. म्हणूनच "जड कामाला हात लावायचा नाही" हे डॉक्टर बजावून सांगतात.

दुसरी गोष्ट औषधांची. शरीर नव्या अवयवाला परकं समजून त्याच्यावर हल्ला करू नये, म्हणून रोगप्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही त्यातली नेहमीची नावं. साधारणपणे यातल्या मुख्य गोळ्या दर १२ तासांनी, ठरलेल्या वेळीच आणि अवयव काम करतो आहे तोवर, म्हणजे आयुष्यभर घ्यायच्या असतात.

पहिले सहा महिने ते वर्षभर या गोळ्यांचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे संसर्गाचा धोकाही जास्त असतो. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. प्रत्यारोपण झालेल्या सहकाऱ्यामुळे इतरांना धोका नसतो. शेजारी खोकत बसलेल्या सहकाऱ्यामुळे त्यालाच धोका असतो.

देशाच्या अर्थमंत्र्यांना जमलं, ते कसं?

प्रत्यारोपणानंतर मोठ्या जबाबदारीचं काम करता येतं का? याचं उत्तर देशाने दोनदा पाहिलं आहे.

तत्कालीन परराष्ट्र मंत्री सुषमा स्वराज यांच्यावर १० डिसेंबर २०१६ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये किडनी प्रत्यारोपण झालं. आपली किडनी निकामी झाली आहे आणि डायलिसिस सुरू आहे, हे त्यांनी त्याआधी स्वतःच ट्विटरवर जाहीर केलं होतं. मार्च २०१७ मध्ये त्या पुन्हा लोकसभेत आल्या आणि मे २०१९ पर्यंत परराष्ट्र मंत्रिपदावर राहिल्या.

तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांच्यावर १४ मे २०१८ रोजी एम्समध्येच किडनी प्रत्यारोपण झालं. त्यांच्या खात्याचा तात्पुरता कार्यभार पीयूष गोयल यांच्याकडे देण्यात आला. विश्रांतीच्या काळात संसर्ग टाळण्यासाठी जेटली लोकांमध्ये मिसळत नव्हते, पण ब्लॉग लिहीत होते. १ जुलै २०१८ ला जीएसटीच्या वर्षपूर्तीच्या कार्यक्रमात ते व्हिडिओ कॉन्फरन्सने सहभागी झाले. २३ ऑगस्ट २०१८ ला त्यांनी पुन्हा खात्याचा कार्यभार घेतला. शस्त्रक्रियेपासून हे झाले १०१ दिवस.

दोघांचंही ऑगस्ट २०१९ मध्ये निधन झालं. पण प्रत्यारोपणानंतर देशातली दोन मोठी खाती त्यांनी सांभाळली, हे नोंदवलेलं वास्तव आहे.

जेटलींच्या उदाहरणात तीन गोष्टी ठळक दिसतात. त्यांची जागा राखून ठेवली गेली, मधल्या काळासाठी बदली माणूस नेमला गेला आणि पूर्ण वेळ परतण्याआधी घरून थोडं थोडं काम करण्याची मुभा मिळाली. यातल्या एकाही गोष्टीसाठी मंत्रीच असावं लागत नाही. पण सर्वसामान्य कर्मचाऱ्याला त्या मिळतातच असं नाही.

पगार थांबला की अवयव धोक्यात, हे कसं?

प्रत्यारोपणाचा खर्च म्हटलं की डोळ्यांसमोर शस्त्रक्रियेचं बिल येतं. त्यासाठी निधी गोळा होतो, क्राउडफंडिंगच्या लिंक फिरतात, सरकारी योजनाही आहेत. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणासाठीची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये करण्याचा निर्णय झाला.

शस्त्रक्रियेचं बिल एकदाच येतं. गोळ्या, रक्ताच्या तपासण्या आणि हॉस्पिटलच्या फेऱ्या यांचं बिल मात्र दर महिन्याला येतं. हा खर्च किती असू शकतो, याचा अंदाज सरकारच्याच एका तरतुदीवरून येतो. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांना या औषधांसाठी महिन्याला कमाल १०,००० रुपयांपर्यंत मदत देण्याची सोय आहे.

दारिद्र्यरेषेच्या किंचित वर असलेल्या, महिना २०-२५ हजार कमावणाऱ्या कुटुंबाला ही मदत मिळत नाही. तिथे औषधांचे पैसे थेट पगारातून जातात. पगार बंद झाला की आधी तपासणी पुढे ढकलली जाते, मग दोनऐवजी एक गोळी घेतली जाते. गोळ्या चुकल्या की शरीर अवयव नाकारायला लागतं. किडनी नाकारली गेली तर पुन्हा डायलिसिस. हृदय किंवा लिव्हरच्या बाबतीत तर डायलिसिससारखा पर्यायही नसतो.

अमेरिकेने याचा अनुभव घेतला आहे. तिथल्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेत, फक्त किडनीच्या आजारामुळे पात्र ठरलेल्या रुग्णांचं संरक्षण प्रत्यारोपणानंतर ३६ महिन्यांनी संपायचं. त्यानंतर औषधं परवडेनाशी झाल्याने काही जणांची किडनी निकामी व्हायची. मग त्याच योजनेतून पुन्हा डायलिसिसचा कितीतरी मोठा खर्च व्हायचा. अखेर २०२० मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी २०२३ पासून दुसरा विमा नसलेल्या अशा रुग्णांसाठी या औषधांचं संरक्षण कालमर्यादेशिवाय सुरू झालं. औषधं बंद पडू देणं हेच सगळ्यात महाग पडतं, हा त्यातला धडा.

भारतात अनेक नोकरदारांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. कंपनीने काढलेला ग्रुप मेडिक्लेम नोकरीसोबतच संपतो. नवीन वैयक्तिक पॉलिसी घ्यायला गेलं तर प्रत्यारोपणाचा इतिहास आडवा येतो. पॉलिसी मिळालीच, तरी आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणजे पगार आणि विमा, दोन्ही एकाच दिवशी जातात.

रजा शस्त्रक्रियेआधीच का संपते?

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ घेऊ. या कायद्याखालच्या कर्मचाऱ्याला वर्षाला ८ नैमित्तिक रजा मिळतात. वर्षात किमान २४० दिवस काम केलं असेल तर दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा मिळते आणि ती जास्तीत जास्त ४५ दिवसांपर्यंत साठवता येते.

म्हणजे एकही रजा न घेता साठवणाऱ्या माणसाकडेही जास्तीत जास्त ५३ दिवस असतात. किडनी प्रत्यारोपणानंतरच्या दोन-अडीच महिन्यांची सोय त्यातून कशीबशी होऊ शकेल.

पण हे ५३ दिवस शस्त्रक्रियेपर्यंत उरतच नाहीत. किडनी निकामी झाल्यावर बहुतेकांना आधी डायलिसिसवर राहावं लागतं. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी साधारण चार तास. महिन्याला १२-१३ फेऱ्या झाल्या. जाणं-येणं आणि नंतरचा थकवा धरला तर बरेचदा अख्खा दिवस जातो. या हिशोबाने सगळी साठवलेली रजा चार-पाच महिन्यांत संपते. प्रत्यारोपणाची वेळ येते तेव्हा खात्यावर उरते ती बिनपगारी रजा.

परतल्यानंतरही हिशोब जुळत नाही. सुरुवातीला आठवड्यातून एक-दोनदा, मग पंधरवड्याने, मग महिन्याने तपासणी असते. समजा, एखादा कर्मचारी तीन महिन्यांनी रुजू झाला. पुढचे तीन महिने पंधरवड्याला एक फेरी धरली तर सहा दिवस झाले. त्यानंतरचे सहा महिने महिन्याला एक, म्हणजे आणखी सहा. असे १२ दिवस फक्त तपासणीचे. नैमित्तिक रजा आहेत आठ.

शिवाय टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी सकाळची गोळी घेण्याआधी मोजावी लागते. त्यामुळे त्या दिवशी रक्त देऊन, मग गोळी घेऊन, मग कामावर जायचं. प्रत्यारोपण केंद्रं मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. बीड किंवा गडचिरोलीच्या रुग्णाला ही "सकाळची तपासणी" म्हणजे आदल्या रात्रीचा प्रवास.

मग कायदा काय संरक्षण देतो?

महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले आणि ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेले कामगार यात थोडे बरे आहेत. त्यांना आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. ३४ दीर्घकालीन आजारांच्या यादीत असलेल्यांना पुढे ८० टक्के दराने वाढीव लाभ मिळतो आणि तो दोन वर्षांपर्यंत जाऊ शकतो. किडनी निकामी होण्याचा जुनाट आजार या यादीत आहे. मात्र त्यासाठी किमान दोन वर्षं सलग विमाधारक नोकरी असावी लागते. कंत्राटदार दर काही महिन्यांनी बदलत असेल, तर ही अट पूर्ण करताना दमछाक होते.

आता नोकरी टिकवण्याचा मुद्दा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ सांगतो की, सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेने कर्मचाऱ्याला काढू नये किंवा त्याची पदावनती करू नये. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं. तरतूद चांगली आहे, पण या कायद्यातल्या २१ प्रकारांच्या यादीत अवयव प्रत्यारोपण नाही आणि किडनीचा जुनाट आजारही नाही. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजार यादीत आहेत.

आजारामुळे होणाऱ्या भेदभावावर कायदा करता येतो, याचं उदाहरणही देशात आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा खासगी मालकालाही लागू होतो. एचआयव्हीबाधित कर्मचाऱ्याला काढायचं असेल, तर तो काम करायला असमर्थ आहे किंवा त्याच्यामुळे इतरांना संसर्गाचा मोठा धोका आहे, असं स्वतंत्र वैद्यकीय तज्ज्ञाचं लेखी मत त्याला द्यावं लागतं. शिवाय, कामात सोयीचे बदल करून देणं मालकाला का शक्य नाही, हेही लेखी द्यावं लागतं.

प्रत्यारोपण झालेल्या खासगी कर्मचाऱ्यासाठी असा नेमका कायदा नाही. तिथे "आम्हाला पूर्ण फिट माणूस हवा" एवढं तोंडी वाक्यही पुरतं.

ऑफिस, शेत, साइट: कामागणिक अडचण वेगळी

घरून काम करू शकणाऱ्या पुण्याच्या आयटी इंजिनिअरची अडचण आणि रिक्षाचालकाची अडचण एकच नसते.

बांधकामाच्या साइटवरच्या धुळीत बुरशीचे कण असतात. निरोगी फुप्फुस ते सहन करतं, पण प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला त्यातून गंभीर संसर्ग होऊ शकतो. कबुतरांच्या विष्ठेतूनही असा संसर्ग होतो. मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखान्यांवरून वाद पेटला, तेव्हा हा धोका बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकला. गोदामात, जुन्या इमारतींत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांसाठी तो रोजचा आहे.

कोकणात भातलावणीला चिखलात उतरणाऱ्या शेतकऱ्याला लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. प्रत्यारोपण झालेल्याने गमबूट आणि हातमोज्यांशिवाय खाचरात उतरूच नये, असा सल्ला दिला जातो. पहिल्या वर्षी तर माती आणि शेणखतापासून लांबच राहायला सांगतात. ज्याचं पोट शेतीवर आहे, त्याचा एक अख्खा हंगाम यात जातो.

टॅक्रोलिमसमुळे काही जणांचे हात थरथरतात. बँकेतल्या अधिकाऱ्याला त्याचा फारसा त्रास होणार नाही. शिलाईकाम, सोनारकाम किंवा मशीनवर बारीक काम करणाऱ्याचा मात्र रोजगारच त्यावर असतो.

आणि एक साधी वाटणारी गोष्ट, पाणी. किडनी बदललेल्यांना दिवसाला साधारण अडीच-तीन लिटर पाणी प्यायला सांगतात. नेमकं प्रमाण डॉक्टर ठरवतात. एवढं पाणी प्यायचं तर दिवसातून अनेकदा लघवीला जावं लागणार. बस चालवणारा ड्रायव्हर, भर उन्हात फिरणारा सेल्समन, डिलिव्हरी करणारी मुलगी किंवा बाजारात बसणारी भाजीवाली यांना स्वच्छ स्वच्छतागृह कुठे मिळणार? मग पाणी कमी प्यायलं जातं आणि त्याचा ताण नव्या किडनीवर येतो.

एकाच घरातल्या दोन पगारांचा प्रश्न

भारतातली बहुतेक प्रत्यारोपणं जिवंत दात्यांमुळे होतात. दाता सहसा घरातलाच असतो: आई, बायको, भाऊ, वडील. म्हणजे एकाच दिवशी एकाच घरातली दोन माणसं ऑपरेशन थिएटरमध्ये असतात. दोघंही कमावते असतील तर दोन्ही पगार एकदम थांबतात.

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये अवयवदान करणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ४२ दिवसांपर्यंतची विशेष नैमित्तिक रजा जाहीर केली. निर्णय स्वागतार्ह आहे. पण खासगी नोकरीतल्या दात्याला त्याचा उपयोग नाही आणि ज्याला अवयव मिळाला, त्या कर्मचाऱ्याला ही रजा लागू होत नाही. त्याने आपली अर्जित किंवा वैद्यकीय रजाच वापरायची.

दाता कोण असतो, हेही पाहायला हवं. देशातल्या जिवंत दात्यांमध्ये दर दहापैकी सहाहून जास्त महिला आहेत, तर अवयव मिळणाऱ्यांमध्ये पुरुषांचं प्रमाण बरंच जास्त आहे. किडनी देणारी बायको घरी येते, तेव्हा तिची काळजी घ्यायला बरेचदा कुणी नसतं. उलट नवऱ्याचं पथ्यपाणी तीच बघते. भरलेला गॅस सिलिंडर उचलायचा म्हटलं तर आतल्या गॅसचंच वजन १४.२ किलो असतं. पाण्याचा हंडा, धुण्याची बादली, कडेवरचं मूल, ही सगळी "जड कामं"च आहेत. फक्त त्यासाठी फिटनेस सर्टिफिकेट कुणी मागत नाही आणि रजाही कुणी देत नाही.

कंपन्यांचं म्हणणं काय असतं?

मालकांची बाजूही समजून घ्यायला हवी. पाच-सहा माणसांच्या छोट्या वर्कशॉपमध्ये एक माणूस तीन महिने नसेल तर काम अडतं. बदली माणूस घेतला तर दोन पगार परवडत नाहीत. परतलेल्या कामगाराला पुन्हा त्रास झाला तर जबाबदारी कोणाची, ही भीतीही खरी असते.

पण ही भीती बरेचदा अपुऱ्या माहितीवर उभी असते. डॉक्टरांचं सर्टिफिकेट "फिट फॉर ड्युटी" एवढंच लिहून येतं. या माणसाला काय जमेल, काय जमणार नाही आणि किती दिवस, हे त्यातून कळत नाही. मग मालक स्वतःच्या अंदाजाने निर्णय घेतो. मोठ्या कंपन्यांना तर हे कारणही देता येत नाही. बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या कर्मचाऱ्याची जागा २६ आठवडे राखणं त्यांना जमतं. प्रत्यारोपणाला बहुतेकदा त्याच्या निम्मा काळ पुरतो.

परतण्याआधी काय करता येईल?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर रुग्ण आणि कुटुंबीय काही गोष्टी करू शकतात.

• सविस्तर सर्टिफिकेट मागा. कोणत्या तारखेपर्यंत किती किलोपेक्षा जास्त वजन उचलायचं नाही, रात्रपाळी चालेल का, धुळीत काम चालेल का आणि तपासणीसाठी महिन्यातून किती दिवस लागतील, हे सगळं प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांकडून लेखी घ्या.

• शस्त्रक्रियेआधीच बोला. प्रत्यारोपण करणाऱ्या हॉस्पिटलमध्ये ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर असणं बंधनकारक आहे. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षकही असतात. ईएसआय, सरकारी योजना, पीएफमधून आजारपणासाठी पैसे काढणं याची माहिती त्यांच्याकडून आधीच घ्या.

• टप्प्याटप्प्याने परता. पहिले काही आठवडे अर्धा दिवस किंवा घरून काम, मग पूर्ण वेळ, असा लेखी प्रस्ताव एचआरला ईमेलने द्या. तोंडी आश्वासन साहेब बदलले की विसरलं जातं.

• गोळ्यांची वेळ शिफ्टशी जुळवा. सकाळी ९ आणि रात्री ९ सारखी पाळता येईल अशी वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा. दर आठवड्याला बदलणारी शिफ्ट असेल, तर ती स्थिर ठेवण्याची विनंती सर्टिफिकेटमध्येच लिहून घ्या.

• अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर गोळी घेऊ नका. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या किडनीला घातक ठरू शकतात. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर "उद्या बघू" म्हणू नका, लगेच हॉस्पिटलला कळवा.

सहकाऱ्यांनाही दोन गोष्टी करता येतात. सर्दी-खोकला असेल तर मास्क लावून थोडं लांब बसायचं. आणि दर वेळी "तब्येत कशी आहे आता?" विचारण्यापेक्षा त्याला काम द्यायचं.

पुढे काय बदलायला हवं?

यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी नवं काही शोधून काढायची गरज नाही. ४२ दिवसांच्या रजेचा नमुना सरकारकडे आहे. तो अवयव मिळालेल्यांपर्यंत आणि खासगी क्षेत्रातल्या दात्यांपर्यंत नेता येईल. कामावरून काढण्याआधी लेखी वैद्यकीय मत देण्याची अट एचआयव्ही कायद्यात आहे. ती इथेही लावता येईल. औषधांसाठी महिन्याच्या मदतीची तरतूद आहे. ती दारिद्र्यरेषेच्या थोड्या वर असलेल्या कुटुंबांपर्यंत वाढवता येईल. छोट्या मालकांना बदली कामगारासाठी हातभार लावायचा असेल, तर तो खर्च पुन्हा डायलिसिसवर गेलेल्या रुग्णाच्या खर्चापुढे किरकोळ असेल.

त्याआधी निदान मोजायला तरी हवं. दरवर्षी ३ ऑगस्टला भारतीय अवयवदान दिन साजरा होतो. त्या निमित्ताने किती दाते पुढे आले, किती किडन्या, किती लिव्हर, किती हृदयं बसवली, याची चर्चा होते. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना हवा: प्रत्यारोपणानंतर वर्षभराने यातले किती जण कामावर होते?

हा आकडा समोर आला की, कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या कामात आणि कोणत्या पगाराच्या लोकांमागचा आधार तुटतो, हे दिसायला लागेल. जिवंतपणी किंवा मृत्यूनंतर कुणीतरी दिलेला अवयव औषधांचे पैसे नाहीत म्हणून वाया जाऊ नये, यासाठी एवढी मोजदाद करणं अवघड नाही.